पुण्यातला पॅलेस सर्वांना ठाऊक, पण पहिले आगा खान कोण होते? अलमूतच्या दंतकथा मुंबईच्या कोर्टात पोहोचल्या त्याची गोष्ट

वालचंदनगर : ‘असॅसिन्स क्रीड’ हा गेम खेळलेल्यांना दोन बाजू तोंडपाठ असतात. एकीकडे पांढऱ्या झग्यावर लाल क्रूस लावलेले टेम्पलर सरदार, दुसरीकडे डोक्यावर टोपडं ओढून उंच बुरुजावरून गवताच्या गाडीत उडी घेणारे असॅसिन. २००७ साली आलेल्या या गेममध्ये जगाचा सगळा इतिहास या दोन गुप्त संघटनांच्या भांडणातून घडतो. गेम म्हणून तो झकासच आहे. पण हे असॅसिन ज्या पंथावरून बेतले, त्या पंथाचे एक इमाम मुंबईत राहत होते. माझगावला त्यांची कबर आहे. आणि १८६६ साली मुंबई हायकोर्टात त्यांच्याविरुद्ध जो खटला चालला, त्यात सातशे वर्षांपूर्वीच्या दंतकथांचीही उजळणी झाली.

त्यांचं नाव हसन अली शाह. इतिहास त्यांना पहिले आगा खान म्हणून ओळखतो. पुण्यात नगर रस्त्यावरचा आगा खान पॅलेस बांधला तो त्यांच्या नातवाने. गांधीजी आणि कस्तुरबांच्या स्थानबद्धतेमुळे ती वास्तू शाळेच्या सहलीतसुद्धा असते. मात्र त्या नावामागचे आजोबा कोण, हा प्रश्न सहलीत सहसा कुणी विचारत नाही.

वडिलांचा खून आणि बादशहाची लेक

हसन अली शाह यांचा जन्म १८०४ साली इराणमधल्या कहक या गावात झाला. वडील शाह खलीलुल्लाह हे निजारी इस्माइली पंथाचे इमाम होते. शिया मुसलमानांमधला हा एक छोटा पंथ. त्याचे अनुयायी इराण, अफगाणिस्तान, मध्य आशिया आणि आपल्याकडे कच्छ-काठियावाड, सिंध, मुंबई अशा ठिकाणी विखुरलेले होते. हिंदुस्थानातले अनुयायी बहुतेक व्यापारी. त्यांना खोजा म्हणत. ते आपल्या कमाईचा ठरलेला वाटा इमामांसाठी काढून ठेवत. त्याला दसोंद असा शब्द होता. ही रक्कम दूर इराणला पोहोचायची. हा पैशाचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं प्रकरण त्यावरच पेटतं.

१८१७ मध्ये यज्द शहरात एका भांडणातून जमाव चालून आला आणि शाह खलीलुल्लाह मारले गेले. मुलगा तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा. आई न्याय मागायला थेट तेहरानला गेली. इराणचा बादशहा फतह अली शाह काजार याने गुन्हेगारांना शिक्षा केली, मुलाला महल्लात भागातल्या जमिनी वाढवून दिल्या, आपली मुलगी सर्व-ए-जहान खानम त्याला दिली, कुमची सुभेदारी दिली आणि वर आगा खान हा किताब दिला. वडील गमावलेला पोरगा बादशहाचा जावई झाला. हाच किताब आजही त्या घराण्यात वारशाने चालतो.

सासरे गेल्यावर मात्र दिवस फिरले. नव्या बादशहाने, मुहम्मद शाहने, १८३५ साली त्यांना केरमानची सुभेदारी दिली खरी, पण दरबारातल्या हेव्यादाव्यांत ती लवकरच काढून घेतली. आगा खान बमच्या किल्ल्यात अडकले. वेढा चौदा महिने चालला. शरण आले, कैदेत पडले, सुटले. १८४० मध्ये पुन्हा बंडाचं निशाण लागलं, आणि १८४१ साली हरलेले आगा खान घोडेस्वारांसह सरहद्द ओलांडून अफगाणिस्तानात कंदाहारला आले. इराणला ते परत कधीच गेले नाहीत.

कंदाहारला तेव्हा इंग्रजांची फौज होती. आगा खानांना आसरा हवा होता आणि इंग्रजांना घोडेस्वार. पुढे सिंधमध्ये चार्ल्स नेपियरच्या मोहिमेत १८४३ साली आगा खानांचे स्वार इंग्रजांच्या बाजूने होते. त्याबद्दल त्यांना वर्षाला दोन हजार पौंडांचं पेन्शन मिळालं. हा भाग त्यांच्या चरित्रात गुळमुळीत करून सांगायचं कारण नाही. सिंधच्या अमिरांच्या दृष्टीने ते परकी सत्तेला साथ देणारे होते, आणि पुढच्या आयुष्यात इंग्रजांनी त्यांना जो मान दिला त्याची मुळं याच मोहिमेत होती.

कच्छ, काठियावाड करत १८४६ च्या सुरुवातीला ते मुंबईत पोहोचले. इराण सरकारने त्यांना परत पाठवा असा लकडा लावला होता. म्हणून इंग्रजांनी त्यांना इराणी किनाऱ्यापासून लांब कलकत्त्याला हलवलं. १८४८ मध्ये मुहम्मद शाह वारला. त्यांनी परतण्याची परवानगी मिळते का पाहिलं, ती मिळाली नाही, आणि डिसेंबर १८४८ मध्ये ते मुंबईत कायमचे स्थायिक झाले. निजारींच्या या शाखेचे इमाम प्रथमच हिंदुस्थानात राहायला आले होते. पावसाळ्यात मुक्काम पुण्याला. उत्तम घोड्यांचा नाद, रेसचा शौक. इबरत-अफजा नावाचं फारसी आत्मचरित्र त्यांनी १८६२ साली मुंबईत शिळाप्रेसवर छापून घेतलं. त्यात बंडाची हकीकत त्यांच्या बाजूने आहे, हे ओघाने आलंच.

पण असॅसिन आले कुठून?

त्यासाठी साडेसातशे वर्षं मागे जावं लागतं. १०९० साली हसन सब्बाह नावाच्या इस्माइली प्रचारकाने इराणच्या डोंगरात अलमूत हा किल्ला युक्तीने ताब्यात घेतला. सभोवती बलाढ्य सेल्जुक साम्राज्य. यांच्याकडे ना मोठी फौज ना खजिना. मग दोन गोष्टी केल्या. दुर्गम किल्ल्यांची साखळी उभी केली, आणि शत्रूच्या सैन्याशी लढण्याऐवजी शत्रूचा एखादा वजीर किंवा सरदार गाठून मारायचा. हे काम करणाऱ्यांना फिदाई म्हणत. १०९२ मध्ये सेल्जुकांचा नामांकित वजीर निजाम-उल-मुल्क मारला गेला, तो त्यांच्याच नावावर घातला जातो. ११९२ मध्ये क्रूसेडवाल्यांचा नेता कॉनरॅड ऑफ माँटफेराट सीरियाच्या किनाऱ्यावर टायर शहरात भर रस्त्यात मारला गेला आणि युरोपला धडकी भरली. सह्याद्रीच्या गडांचा इतिहास वाचलेल्यांना किल्ल्यांच्या आधाराने मोठ्या सत्तेशी झुंजण्याची ही पद्धत नवी वाटणार नाही.

हा झाला इतिहास. दंतकथा वेगळी आहे. त्यानुसार डोंगरावरचा एक म्हातारा तरुणांना हशीश पाजून बेशुद्ध करायचा, अप्सरांनी भरलेल्या बागेत ठेवायचा, आणि या स्वर्गात परत यायचं असेल तर अमक्याला मारून ये, असं फर्मावायचा. ही बाग जगभर नेली मार्को पोलोच्या प्रवासवर्णनाने. साधा हिशेब करा. मंगोल सरदार हुलागूपुढे अलमूत शरण गेलं १२५६ मध्ये. तेव्हा मार्को पोलो दोन वर्षांचा होता. तो त्या मुलखातून गेला तोवर किल्ल्याचे अवशेषच उरले होते.

हशीशचंही तसंच. हशीशी हा शब्द बाराव्या शतकातल्या लिखाणात सापडतो, पण तो शिवीसारखा. विरोधी मुसलमान गटांनी या पंथाला हिणवण्यासाठी वापरलेला, आपल्याकडे गांजेकस म्हणावं तसा. फिदाई खरोखर नशा करत, असं ना त्या पंथाच्या ग्रंथांत आहे ना त्यांच्या कडव्या शत्रूंनी लिहिलेल्या इतिहासांत. शिवाय हे काम नशेत होण्यासारखं नव्हतंच. वेष बदलून, दुसऱ्याची भाषा शिकून, कधी महिनोन् महिने शत्रूच्या घरी चाकरी करून संधीची वाट पाहावी लागे. युरोपी लोकांनी सीरियात ती शिवी ऐकली, तिचाच पुढे असॅसिन झाला, आणि शब्दाचा अर्थ लावण्यासाठी नशेची कथा तयार झाली. गेममधली ती उंचावरची उडीसुद्धा अशाच एका कथेतून आली आहे. हेन्री ऑफ शॅम्पेन या क्रूसेडवाल्या राजाला आपली हुकमत दाखवायला किल्ल्याच्या मालकाने दोन शिपायांना बुरुजावरून उडी मारायला सांगितली आणि त्यांनी मारली, अशी ती कथा.

पंथाची स्वतःची बाजू कुणी ऐकायची? ती जळाली होती. हुलागूसोबत आलेला इतिहासकार जुवैनी अलमूतच्या ग्रंथालयात शिरला, कुराणाच्या प्रती आणि खगोलशास्त्राची उपकरणं वेगळी काढली आणि बाकीची पुस्तकं जाळून टाकली. हे त्याने स्वतःच अभिमानाने लिहून ठेवलं आहे. पुढची सहाशे वर्षं अलमूतबद्दल जे काही वाचलं गेलं, त्याचा मोठा भाग या पुस्तकं जाळणाऱ्याच्या लेखणीतून आलेला. जे अनुयायी वाचले, त्यांनी जीव राखण्यासाठी कधी सूफी, कधी दुसरे शिया म्हणून दिवस काढले. लपून राहणाऱ्यांबद्दल अफवा जास्त उठतात.

टेम्पलरांचा काय संबंध?

टेम्पलर ही क्रूसेडच्या काळात, १११९ च्या सुमारास जेरुसलेमला स्थापन झालेली लढवय्या ख्रिस्ती साधूंची संघटना. सीरियातले निजारी आणि टेम्पलर शेजारी होते. शेजार कसला, तर निजारी त्यांना दरसाल दोन हजार सोन्याची नाणी खंडणी द्यायचे. ११७३ मध्ये निजारींचा वकील जेरुसलेमच्या राजाशी बोलणी करून परतत असताना टेम्पलरांनीच त्याला वाटेत मारलं. राजा संतापला. खंडणी बुडेल ही भीती त्यामागे होती, असं त्या काळापासून मानलं जातं. गुप्त ज्ञानाची देवघेव वगैरे भानगड नव्हती, मामला वसुलीचा होता.

टेम्पलरांचा शेवटही पैशापाशीच येतो. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप कर्जात बुडाला होता. शुक्रवार १३ ऑक्टोबर १३०७ रोजी त्याने देशभरातल्या टेम्पलरांना एका दिवसात अटक करवली. छळ करून मूर्तिपूजेचे, धर्मद्रोहाचे कबुलीजबाब घेतले. १३१२ मध्ये पोपने संघटना विसर्जित केली, १३१४ मध्ये प्रमुख झाक द मोले याला पॅरिसमध्ये जिवंत जाळलं. पोर्तुगालमध्ये त्यांच्या मालमत्तेतून १३१९ साली ऑर्डर ऑफ क्राइस्ट उभी राहिली. तिचाच लाल क्रूस शिडावर मिरवत पोर्तुगीज गलबतं पुढे आपल्या किनाऱ्याला लागली.

या दोन्ही संघटनांच्या दंतकथांना आजचं रूप देणाऱ्यांत एक माणूस सामाईक आहे. ऑस्ट्रियाचा प्राच्यविद्या पंडित योसेफ फॉन हामर-पुर्गश्टाल. १८१८ या एकाच वर्षी त्याने असॅसिनांचा इतिहास जर्मनमध्ये प्रसिद्ध केला आणि टेम्पलर हे बाफोमेट नावाच्या मूर्तीचे गुप्त उपासक होते, असा लॅटिन निबंधही लिहिला. फ्रेंच राज्यक्रांतीला तीस वर्षंही झाली नव्हती. युरोपातल्या राजांना प्रत्येक गुप्त मंडळात उद्याची क्रांती दिसत होती. हामरला इतिहासापेक्षा इशारा जास्त द्यायचा होता, आणि त्यासाठी त्याने मार्को पोलोची बागसुद्धा खरी धरली. १८३५ मध्ये त्याच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर निघालं. इंग्रजी वाचणाऱ्या साहेबांना इस्माइलींबद्दल हाताशी असलेलं पुस्तक हेच.

नगरमध्ये आधीच येऊन गेलेली शाखा

मूळ गोष्टीकडे परतण्याआधी थोडं घराजवळचं. याच निजारी परंपरेच्या दुसऱ्या शाखेचे इमाम शाह ताहिर इराणमधून जीव वाचवून १५२२ मध्ये अहमदनगरला आले आणि बुऱ्हाण निजामशहाचे सल्लागार झाले. त्यांच्याच प्रभावाने १५३७ च्या सुमारास निजामशाहीने शिया पंथ स्वीकारला. मात्र जाहीरपणे त्यांनी प्रचार केला तो बारा इमामांना मानणाऱ्या शिया मताचा, स्वतःच्या निजारी मताचा नव्हे. नीरा-भीमेच्या या पट्ट्यासाठी निजामशाही आणि आदिलशाही भांडत असताना नगरच्या दरबारात अलमूतच्या वारसांपैकी एक जण राजकारण पाहत होता, आणि पंचक्रोशीला त्याचा गंध नव्हता. कटाच्या कथा रचणाऱ्यांच्या हाती हा मसाला अजून कसा लागला नाही, याचं नवलच आहे.

१८६६ चा खटला : नेमकं भांडण काय होतं?

मुंबईतल्या खोजांमध्ये कुरबुर आगा खान यायच्या आधीपासून होती. १८२९ च्या सुमारास काही श्रीमंत व्यापाऱ्यांनी दसोंद द्यायला नकार दिला. कधी न पाहिलेल्या इराणमधल्या माणसाला पैसे का द्यायचे, हा त्यांचा सवाल. या गटाला बारभाई नाव पडलं. त्यांना जातीबाहेर टाकलं, परत घेतलं, पुन्हा भांडण झालं. १८५० मध्ये माहीमच्या जमातखान्यात या विरोधी गटातल्या चौघांचा खून झाला. खटला चालला, फाशीच्या शिक्षा झाल्या. अलमूतची पुस्तकं वाचलेल्या इंग्रजांच्या मनात काय आलं असेल, हे सांगायला नको. वास्तविक ते एका जातीतलं, मालमत्ता आणि मानापमानाचं भांडण होतं.

१८६१ मध्ये आगा खानांनी एक पत्रक काढलं. आपण शिया इमामी इस्माइली आहोत आणि लग्न, दफन वगैरे विधी त्याच रीतीने करू, यावर खोजांनी सह्या कराव्यात, असं त्यात होतं. बहुसंख्यांनी सह्या केल्या. विरोधकांनी १८६६ मध्ये हायकोर्टात धाव घेतली. म्हणणं असं, की खोजा मुळात सुन्नी आहेत, जमातखाना आणि इतर मालमत्ता सुन्नी खोजांच्या विश्वस्त निधीची आहे, आणि आगा खानांना तिच्यात ढवळाढवळ करण्याचा हक्क नाही. शेकडो कुटुंबांचं लग्न कुणी लावायचं, मयत कुठे पुरायची आणि ठेव कुणाच्या ताब्यात राहायची, हे यावर ठरणार होतं.

न्यायमूर्ती होते सर जोसेफ अर्नोल्ड. सुनावणी जवळपास पंचवीस दिवस चालली. एका धर्मपंथाचा हजार वर्षांचा इतिहास कोर्टात मांडला गेला. यातला सर्वात लक्षवेधी पुरावा म्हणजे दशावतार नावाचा खोजांचा ग्रंथ. पीर सद्रुद्दीन यांच्या नावावर असलेल्या या रचनेत विष्णूचे नऊ अवतार सांगून दहावा अवतार म्हणून हजरत अलींचं नाव येतं. खोजांच्या घरात मरणाऱ्या माणसाच्या उशाशीही ती वाचली जाई. सुन्नी माणूस असा ग्रंथ म्हणणार नाही, त्यामुळे हा पुरावा आगा खानांच्या बाजूने गेला. ज्या श्रद्धेत हिंदू आणि इस्लामी धागे एकत्र विणले होते, तिला आता कायद्याच्या एकाच खणात बसवायचं होतं.

आणि इथेच अलमूत कोर्टात आलं. आगा खानांच्या बाजूला वंशपरंपरा सिद्ध करायची होती. ती अलमूतच्या इमामांमधूनच जात होती. त्या काळाबद्दल उपलब्ध इंग्रजी साधनं म्हणजे हामर आणि त्याच्या वळणाची पुस्तकं. म्हणजे ज्या लिखाणाने या पंथाला नशेबाज मारेकरी ठरवलं, त्याच लिखाणाचा आधार इमामांचं घराणं खरं असल्याचं दाखवायला मिळाला. १२ नोव्हेंबर १८६६ च्या निकालात अर्नोल्ड यांनी हसन सब्बाह, अलमूतचे स्वामी, डोंगरावरचा म्हातारा असा सगळा इतिहास सांगितला आणि खोजा हे शिया इमामी इस्माइली असून आगा खान हे त्यांचे वंशपरंपरागत इमाम आहेत, असा निर्णय दिला. पंथाच्या मालमत्तेवरचा आणि दसोंदवरचा त्यांचा हक्क पक्का झाला. निकाल न पटलेले खोजा पुढे सुन्नी म्हणून वेगळे झाले.

आगा खान जिंकले, पण दंतकथाही जिंकली, असं म्हणायला हरकत नाही. तिच्यावर आता हायकोर्टाच्या निकालाची मोहोर होती. खटल्याच्या वेळी मुंबईचे गव्हर्नर असलेले सर बार्टल फ्रियर यांनी १८७६ मध्ये लंडनच्या मॅकमिलन्स मॅगझिनमध्ये खोजांवर लेख लिहिला. शीर्षकातच खोजांना डोंगरावरच्या म्हाताऱ्याचे चेले म्हटलं होतं. हे चेले म्हणजे मुंबईत कापूस, धान्य आणि किराण्याचा व्यापार करणारी माणसं.

पुढे काय झालं?

खटल्यानंतरची वर्षं आगा खानांनी दबदब्यात काढली. १८७५ मध्ये हिंदुस्थान दौऱ्यावर आलेले प्रिन्स ऑफ वेल्स त्यांच्या भेटीला गेले. एप्रिल १८८१ मध्ये आगा खान मुंबईत वारले. माझगावच्या हसनाबादला त्यांची घुमटाची कबर आहे. मुलगा अली शाह दुसरे आगा खान झाले आणि चारच वर्षांत पुण्यात वारले. मग सात वर्षांच्या नातवाकडे, सुलतान मुहम्मद शाह यांच्याकडे इमामपद आलं. त्यांनीच १८९२ मध्ये पुण्याचा पॅलेस उभारला. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढल्याचं सांगितलं जातं.

दंतकथेला धक्का लागला तोही मुंबईतूनच. व्लादिमीर इव्हानोव्ह या रशियन संशोधकाला तिसऱ्या आगा खानांनी १९३१ मध्ये कामावर घेतलं. मध्य आशियात, इराणात आणि हिंदुस्थानात इस्माइली घरांनी पिढ्यान् पिढ्या लपवून ठेवलेली हस्तलिखितं त्याने शोधली, छापली. १९४६ मध्ये मुंबईत इस्माइली सोसायटी स्थापन झाली. पंथाची स्वतःची बाजू वाचायला मिळाली ती तेव्हा, अलमूतचं ग्रंथालय जळाल्यावर जवळपास सातशे वर्षांनी. त्या आधारावर फरहाद दफ्तरी यांनी १९९४ मध्ये असॅसिन दंतकथांवर स्वतंत्र पुस्तक लिहून कोणती कथा कुणी, कधी घुसवली याचा माग काढला.

बाजारात मात्र दुसरंच पुस्तक चाललं. स्लोव्हेनियाचा लेखक व्लादिमीर बार्तोल याने १९३८ मध्ये अलमूत नावाची कादंबरी लिहिली. त्यात बाग आहे, नशा आहे, म्हातारा आहे. गेम बनवणाऱ्यांनी प्रेरणा घेतली ती या कादंबरीवरून. इव्हानोव्हने छापलेली हस्तलिखितं ग्रंथालयांत आहेत, गेमचे नवे भाग दर काही वर्षांनी येत असतात.